धान निसवेपर्यंत दिवा बंद

पोलीस स्टेशन सिंदेवाही, जि. चंद्रपूर
अकस्मात मृत्यूच्या चौकशीतील जबाब
दि. ४ नोव्हेंबर २००३

नाव : शेख बाबू शेख मेहबूब (गावात बाबूभाई म्हणतात)
वय : बावन्न वर्षे
धंदा : वेल्डिंग, लोखंडी दारे-खिडक्या तयार करणे
राहणार : मौजा खैरबोडी, नवीन ले-आऊट, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

मी ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारले त्याप्रमाणे सांगतो की, मी वरील पत्त्यावर राहतो. माझी पत्नी रहमतबी, वय सत्तेचाळीस, ही गेल्या आठवड्यात मयत झाली. मुलगा मुबीन चंद्रपूरला मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. मुलगी उमेरा वडशाला दिली आहे. घरी आम्ही दोघेच राहत होतो. मला मराठी लिहिता-वाचता येते. आज चष्मा घरी राहिला आहे, म्हणून जबाब लिहून झाल्यावर मला वाचून दाखवावा. घरातून निघताना चष्मा माझ्या खिशात असायचा. तो खिशात मी ठेवत नव्हतो, हे मला आज बसमध्ये समजले.

माझा मुलगा मुबीन याने ठाण्यात दिलेला अर्ज मला जमादार साहेबांनी ऐकवला. अर्जात असे आहे की, आमचे शेजारी शेतकरी गुणवंतराव बोरकुटे व त्यांची पत्नी सुगंधाबाई यांनी आपल्या धानासाठी ग्रामपंचायतीकडून आमच्या आवारातला दिवा बंद पाडला, त्या अंधारात आईला साप चावला, तरी दोघांवर गुन्हा दाखल करावा. हा अर्ज मुबीनने मला न विचारता दिला आहे. त्याबाबत मला जे माहीत आहे ते सांगतो.

आमचे घर गावाबाहेर आहे. पूर्वी ते शेत होते. मालकाने ते अकृषक करून प्लॉट पाडले, त्यातला कोपऱ्याचा प्लॉट मी घेतला. दुकान पुढे, घर मागे, त्याच्या मागे आवार. आवारात बोरिंग, म्हणजे हातपंप, आहे. बोरिंगच्या पलीकडे कमरेइतकी भिंत आणि भिंतीपलीकडे गुणवंतरावांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. त्यानंतर बोडी, म्हणजे लहान तळे, आणि तिथून जंगल लागते. आमच्या भिंतीवर हात ठेवला तर धानाचे पान हाताला लागते, इतके शेत जवळ आहे.

रहमतबीचे माहेर वडशाचे. रेल्वे स्टेशनमागे त्यांचे घर. तिथे रात्री अंधार कधी पडत नाही. धानाच्या हंगामात मालधक्क्यावर रात्रभर दिवे असतात आणि थंडीत नाटकांचे मंडप लागले की गल्लीतसुद्धा उजेड येतो. इकडे राहायला आल्यावर ती म्हणाली की या गावचा अंधार थेट पायरीपर्यंत येऊन बसतो. मागच्या दाराला झिरोचा बल्ब होता. त्याचा उजेड पायरीच्या पुढे जात नाही. बोरिंगला जाताना ती तोंडाने काहीतरी बोलत जायची, म्हणजे वाटेतल्या जनावराला कळावे. मी दुकानातून ऐकत असे. हसतही असे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी बोरिंगजवळ लोखंडी खांब उभा केला आणि वर मर्क्युरीचा दिवा बसवला. खांब मीच तयार केला. दिवा लावला त्या संध्याकाळी रहमतबीने बाज बाहेर टाकली आणि तांदूळ निवडत बसली. तांदूळ दुपारीच निवडून झालेला होता. सुगंधाबाई भिंतीपलीकडून आल्या, त्यांनी आपले सूप आणले, त्याही बसल्या. सुगंधाबाई म्हणाल्या, "बाई, तुहा दिवा पाहून माह्या कोंबड्या अजून खाली फिरून राह्यल्या." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या दोघींची बैठक भिंतीजवळ असे. चिंच फोडायची असली तरी तिथे, भाजी निवडायची असली तरी तिथे. त्यांच्यात भांडण झाल्याचे मी पाहिलेले नाही. विचारल्यावरून सांगतो की, देण्याघेण्याचा व्यवहारही नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास गुणवंतरावांचा सगळा धान पिवळा झाला, पण आमच्या भिंतीकडचा भाग हिरवा राहिला. उंच, तजेलदार, नुसते पान. लोंबी एकही नाही. हिरवा भाग सरळ पट्ट्यात नव्हता. तो अर्धगोल होता, आणि त्या गोलाचा मध्य धरला तर आमचा खांब येत होता. हे आम्हाला नंतर दिसले. तेव्हा गुणवंतरावांना वाटले बियाण्यात भेसळ झाली. पण बियाणे घरचेच, जुन्या भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, जातीचे, त्यांच्या वडिलांपासूनचे. मग त्यांना वाटले खत जास्त पडले. शेवटी ते मूठभर धान उपटून सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रात घेऊन गेले. तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो असा की, शेताजवळ रात्री दिवा असतो का.

गुणवंतरावांनी येऊन मला सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. उजेडाने पीक वाढते एवढेच मला माहीत. ते म्हणाले, वाढते, पण भारी धान रात्र पाहून निसवतो. पावसाळा सरता सरता रात्र मोठी होत जाते, तेव्हा त्याला समजते की आता लोंबी बाहेर टाकायची वेळ झाली. दिव्याखाली त्याला रात्र मोठी झालेली कळतच नाही. तो वाट पाहत हिरवा राहतो. हलक्या धानाला हे होत नाही.

सुगंधाबाईंनी ही गोष्ट रहमतबीला भिंतीवरून सांगितली ती अशी: "तुह्या दिव्यानं माह्या धानाले वाटते अजून दिवसच हाय. त्याले झोपच नाई."

रहमतबी म्हणाली, "त्याले सांगा ना, डोळे मिटून घे म्हणा."

दोघी हसल्या. मी त्या वेळी ग्राइंडर चालवत होतो, तो बंद केला, म्हणून मला ऐकू आले.

यंदा उन्हाळ्यात मी दिव्याला पत्र्याचा टोप बसवला. उजेड खाली पडावा, बाजूला जाऊ नये, असा. संध्याकाळी आम्ही चौघे बांधावर उभे राहून पाहिले. दिव्याचे तोंड खाली झाले होते, पण उजेड आमच्या घराच्या चुना दिलेल्या मागच्या भिंतीवर पडून उलट शेतात जात होता. गुणवंतरावांनी हात वर केला. त्यांच्या हाताची सावली बांधीत पडली. पुढच्या दोन दिवसांत मी भिंत शेणाने सारवली, तरी फरक थोडाच पडला.

ग्रामपंचायतीच्या ठरावाबाबत सांगतो की, तो माझ्या एकट्याच्या दिव्यासाठी झाला नाही. ले-आऊटमध्ये आणखी घरे झाली होती. रस्त्याकडे एकाने लग्नासाठी लॉन काढले आणि तिथे चार बाजूंना मोठे दिवे लावले. त्या बाजूच्या शेतकऱ्यांनीही तक्रार केली. त्यामुळे ग्रामसभेत विषय आला. सरपंच रामाजी यांनी ठराव मांडला तो असा: ले-आऊटमधील शेताकडच्या दिव्याला टोप असावा, दिव्याचे तोंड खाली असावे, उजेड आपल्या हद्दीबाहेर जाऊ नये, आणि टोप लावूनही जात असेल तर पोळ्यापासून शेजारचा धान निसवेपर्यंत तो दिवा बंद ठेवावा.

त्यावर एकाने विचारले की धान निसवला हे ठरवणार कोण. कोणी म्हणाले तलाठी, कोणी म्हणाले ग्रामसेवक. बराच वेळ त्यावर वाद झाला. मागे बायांमध्ये माझी पत्नी सुगंधाबाईंजवळ बसली होती. ती बसल्या जागेवरून बोलली, "ज्याचं शेत त्यानं सांगावं. आमाले धानातलं काय समजते. थे म्हणतीन तवा लावू दिवा." लोक हसले. रामाजींनी तेच वाक्य ठरावात घ्यायला सांगितले. ठरावात आता "शेतमालक सांगेल तेव्हा" असे लिहिलेले आहे. मुबीन त्या दिवशी गावात नव्हता. हे वाक्य त्याच्या आईचे आहे हे त्याला माहीत नाही. मी अजून सांगितलेले नाही.

पोळ्याला संध्याकाळी मी दिवा बंद केला. दिव्याचे बटन घरात, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. त्यानंतर ग्रामपंचायतीचा कोणी माणूस तपासायला आला नाही. नोटीस आली नाही. गुणवंतराव किंवा सुगंधाबाई यांनीही एकदाही विचारले नाही. बोरिंगला जाताना आम्ही टॉर्च वापरत होतो. सुगंधाबाई संध्याकाळची बैठक अंधार पडायच्या आत आटोपून घेत. रहमतबी बोरिंगपर्यंत जाताना पुन्हा तोंडाने बोलू लागली.

दिवाळीच्या आधी एक दिवस रहमतबी सुगंधाबाईंकडे वाटी परत द्यायला बांधावरून गेली. परत आल्यावर तिने मला दुकानातून आत बोलावले आणि हळू आवाजात सांगितले की धान निसवला, भिंतीकडचासुद्धा. यंदा पूर्ण निसवला आहे. तिला आनंद झाला होता. मी म्हणालो, मग दिवा लावू. मी बटनाकडे हात नेला.

तिने माझा हात धरला. ती म्हणाली, सुगंधाबाईंना सांगू दे.

याबाबत खुलासा विचारल्यावरून सांगतो. गुणवंतरावांच्या घरी रीत आहे की, नवीन धानाच्या पहिल्या पाच लोंब्या गावदेवी मातामायजवळ नेऊन ठेवायच्या. ते होईपर्यंत घरातले कोणी धान निसवला असे तोंडाने म्हणत नाही. शेतात सगळ्यांना दिसत असते. कोणी विचारले तर अजून पोटरीत आहे, म्हणजे लोंबी बाहेर पडलेली नाही, असेच सांगतात. आधी बोलले तर दाणा भरत नाही, पोचा राहतो, असे ते मानतात. ही रीत रहमतबीला मागच्या वर्षीपासून माहीत होती. तिला त्यात वेगळे काही वाटत नव्हते. उमेरा पोटात असताना तिने चौथा महिना लागेपर्यंत माझ्या आईलासुद्धा सांगितले नव्हते. त्याआधी आमची दोन गेली होती.

लोंब्या वाहायचा दिवस दिवाळीनंतर लगेच ठरला होता. ऐन दिवाळीत गुणवंतरावांच्या चुलतभावाची मयत झाली. सुतक लागले. सुतकात मातामायजवळ जात नाहीत. त्यामुळे तो दिवस पुढे गेला. सुगंधाबाई भिंतीजवळ येत, पण धानाचा विषय काढत नसत. रहमतबीही काढत नसे. दोघी लोंब्या आलेल्या शेताकडे तोंड करून बसत आणि दुसरेच काहीतरी बोलत.

रमजान लागायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा म्हणालो की, आता पहाटे अंधारात उठावे लागेल, बोरिंगला जावे लागेल, दिवा लावू या. धान तर निसवला आहे, उजेडाने आता त्याचे काही बिघडत नाही. रहमतबी म्हणाली, "तिनं सांगतलं नाई तोपर्यंत धान पोटरीतच हाय."

घरात आम्ही हिंदी बोलतो. हे वाक्य ती मराठीत बोलली, सुगंधाबाई बोलतात तसे. ती पुढे म्हणाली की आपण दिवा लावला तर साऱ्या गावाला समजेल धान निसवला, तिच्याआधी आपणच सांगितल्यासारखे होईल. आठ दिवसांचा प्रश्न आहे.

मी दिवा लावला नाही.

घटनेबाबत सांगतो की, रमजान लागून दोन-तीनच दिवस झाले होते. पहाटे चारच्या सुमारास रहमतबी सहरीसाठी, म्हणजे रोजाआधीच्या जेवणासाठी, उठली. मी बाजेवर जागा होतो. ती बादली आणि पातेले घेऊन मागच्या दाराने गेली. दोन्ही हात गुंतल्यामुळे टॉर्च तिने नेला नाही. टॉर्च दाराजवळच्या खिळ्याला होता. मला तिचे बोलणे ऐकू आले, मग बोरिंगचा आवाज आला. नंतर ती पातेले घेऊन आत आली आणि म्हणाली की तार टोचली. बादली बाहेरच राहिली.

आमच्या आवारात तारेचे तुकडे, लोखंडाचा कीस नेहमी पडलेला असतो. कितीही झाडला तरी राहतो. महिन्यातून एखाद्या वेळी आम्हा दोघांपैकी कोणाच्या तरी पायात काहीतरी जाते. म्हणून मी एवढेच विचारले की निघाली का. तिने पाय पुसला, घरातल्या दिव्याजवळ पाहिला आणि म्हणाली, काही दिसत नाही, निघाली असेल. दुखते का विचारले. नाही म्हणाली. तिने चपात्या केल्या. आम्ही जेवलो. तिने रोजाची नीयत केली, नमाज पढली आणि पडली.

उजाडल्यावर मी तिला हाक मारली. ती म्हणाली, डोळे उघडत नाहीत. आवाज जड होता. नवीन रोजे, अपुरी झोप, असे मला वाटले. मी म्हणालो, झोप थोडी. मी दुकान उघडायला गेलो.

सुगंधाबाई रोज सकाळी भिंतीवरून हाक देतात. त्या दिवशी त्यांनी दोन-तीन हाका दिल्या. उत्तर आले नाही म्हणून त्या भिंत ओलांडून आल्या. सुतक लागल्यापासून त्या कोणाच्या घरात शिरल्या नव्हत्या, त्या दिवशी शिरल्या. त्यांनी मला हाक मारली. मी आत गेलो तेव्हा त्यांनी रहमतबीची पापणी बोटाने वर केलेली होती. बोट काढले की पापणी खाली येत होती. त्यांनी मला विचारले, "रातच्याले पायाले काई लागलं का?" मी तार टोचल्याचे सांगितले. त्यांनी पाय दाराच्या उजेडात ओढून घेतला. घोट्याखाली दोन बारीक ठिपके होते. सुगंधाबाई म्हणाल्या, "बाबूभाई, तार दोन जागी नाई टोचत."

गुणवंतराव धावत गावात गेले. जीप गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, ती यायला वेळ लागला. मी आणि ड्रायव्हर पुढे बसलो. गुणवंतराव मागे लोंबकळत होते. सुगंधाबाई मागच्या सीटवर रहमतबीचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. रहमतबीला बोलता येत नव्हते. लाळ गिळता येत नव्हती, ती सुगंधाबाई पदराने पुसत होत्या. रस्ता जंगलातून आहे. मी मागे वळून पाहत होतो.

अर्ध्या रस्त्यावर सुगंधाबाई तिच्या कानाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "रहमत, धान निसवला वो. पुरा निसवला. मी सांगून राह्यली तुले. दिवा लाव."

गुणवंतरावांनी हे ऐकले. त्यांनी बायकोला थांबवले नाही. सुगंधाबाईंनी ते पुन्हा सांगितले. सिंदेवाहीला पोचेपर्यंत त्या तेवढेच सांगत होत्या. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवशी लोंब्या मातामायजवळ नेलेल्या नव्हत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच पाहिले आणि मयत झाल्याचे सांगितले. मण्यार असावी असे म्हणाले. ती चावली तर दुखत नाही, पुष्कळांना समजत नाही, असेही म्हणाले. मी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, की अशा अवस्थेत माणसाचे डोळे मिटलेले असले तरी त्याला ऐकू येते का. त्यांनी सांगितले, बहुतेक वेळा येते. हे जबाबात घेण्यासारखे नाही असे जमादार साहेबांचे म्हणणे आहे. माझी विनंती आहे की घ्यावे.

मुबीनबाबत सांगतो की, तो दुपारी चंद्रपूरहून आला. मातीची तयारी चालू होती. सुगंधाबाई आमच्या दारात बायांमध्ये उभ्या होत्या. कोणीतरी त्याला दिवा बंद असल्याची गोष्ट सांगितली. कोणी सांगितली मला माहीत नाही. मुबीन त्यांच्यासमोर गेला आणि म्हणाला, "काकू, जा आता, धान पाहा. आता तुमच्या धानाले कोणी आडवं येत नाई." सुगंधाबाई घरी गेल्या नाहीत, आपल्या बाजूने जाऊन भिंतीजवळ उभ्या राहिल्या. माती देऊन आम्ही परत आलो तेव्हाही तिथेच होत्या. हा मुलगा लहानपणी त्यांच्या घरी जेवलेला नाही, कारण आम्ही इथे आलो तेव्हा तो मोठा होता. पण सुटीला आला की त्यांच्याकडचे ताक त्याच्यासाठी येत असे.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी, झियारतला, सुगंधाबाईंनी डबा पाठवला. मुबीनने तो परत पाठवला. मी ओसरीत बसलो होतो. मी त्याला अडवले नाही.

मुबीनने अर्जात खोटे लिहिलेले नाही. दिवा बंद होता हे खरे आहे. अंधार होता हे खरे आहे. त्याची आई गेली हे खरे आहे. मधले त्याला माहीत नाही. ते मला आणि सुगंधाबाईंना माहीत आहे. सुगंधाबाईंना पूर्ण माहीत नाही. धान निसवल्याचे रहमतबीने आधीच पाहिले होते आणि तरी ती त्यांच्या सांगण्याची वाट पाहत होती, हे त्यांना सांगितलेले नाही. धानातले समजत नाही असे ती ग्रामसभेत म्हणाली होती, म्हणून त्यांना वाटते की रहमतबीला समजले नव्हते आणि त्यामुळे दिवा बंद राहिला. जबाबाची नक्कल त्यांना देऊ नये, अशी माझी विनंती आहे. त्यांना सांगायचे असेल तर मी सांगेन. सांगावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

माझा गुणवंतराव बोरकुटे, सुगंधाबाई, सरपंच रामाजी किंवा इतर कोणावरही संशय नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. अर्ज दिल्याबद्दल मुबीनवरही काही कारवाई होऊ नये. तो बोरिंगच्या ओट्याखाली रोज काठी घालून पाहतो. काही सापडलेले नाही. तारेचे तुकडे सापडले.

दिवा सध्या चालू आहे. मातीच्या दिवशी संध्याकाळी मुबीनने लावला, तेव्हापासून तो बंद करत नाही. दिवसाही चालू असतो. शेजारचा धान निसवून गेला असल्याने ठरावाप्रमाणे त्याला हरकत नाही, आणि कोणी घेतलेलीही नाही. उजेड बोरिंगवर पडतो. तिथे तिने भरून ठेवलेली बादली तशीच आहे. पंचनाम्यात तिची नोंद नाही, ती करावी. पाणी आम्ही सध्या समोरच्या घरून आणतो.

जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला, मी तो लक्ष देऊन ऐकला. त्यात एका जागी "सुगंधाबाईच्या सांगण्यावरून दिवा बंद होता" असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले आणि "रहमतबीच्या सांगण्यावरून दिवा बंद होता" असे लिहवून घेतले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे.

सही,
शेख बाबू शेख मेहबूब